ढब्बूला वळण लावताना

नवरा आयुष्यभर कारखान्यात फिटर, म्हणून ती फिटरीणबाई. ती स्वतः तीस वर्षं घरच्या घरी लोकांचे कपडे दुरुस्त करत होती. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाला नवं अस्तर लावायचं. इमारतीत कुणाची कंबर किती वाढली हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं आणि ते तिने कधी कुणाला सांगितलंही नाही. तरी तिच्या कामावरून तिला कुणी हाक मारली नाही. तिनेही ते मनावर घेतलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सहाव्या महिन्यात फिटरांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय आठ दिवसांत ताळ्यावर आला. जिभेला तर धक्काही लागला नाही. त्या जिभेला काही होणं शक्यच नव्हतं, असं बाईचं मत. उजवा हात मात्र रुसून बसला. सांगितलेलं काम तो करायचा, पण सावकाश, दोनदा विचारल्यावर, कचेरीतल्या जुन्या कारकुनासारखा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एक रबरी चेंडू दिला आणि तो दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितला. फिटरांनी तो दोनदा दाबला. आपण या हाताने अख्खी मशिनं उभी केली, आता लिंबू पिळायचा सराव करणार नाही, असं म्हणून त्यांनी तो खणात टाकला. मुलगी हुशार होती. तिने लेकीला बाजूला घेऊन सांगितलं की चेंडू नको तर संगणकाचा माउस चालेल, हात हलल्याशी कारण.

म्हणून एका रविवारी लेक आपला जुना संगणक घेऊन आली आणि शिवणाच्या मशीनशेजारच्या टेबलावर मांडून गेली. वसतिगृहात असताना ती जो खेळ खेळायची तोच तिने त्यात घालून दिला. त्या खेळात आपण देव असतो. खाली बेटं, गावं, शेतं, मुंगीएवढी माणसं. देवाला चेहरा नाही, अंग नाही. पडद्यावर फक्त एक भलामोठा हात दिसतो, उजवा, आणि माउस हलवला की तो हलतो. झाडं उपटायची, घरं उभारायची, मूठ आवळून ढग पिळायचा की पाऊस.

फिटरांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं. देव हातानेच काम करतो हे त्यांना फार पटलं. "नुसता बसून आशीर्वाद देणारा असता, तर मी खेळलो नसतो," ते म्हणाले.

या देवाला एक जनावर पाळावं लागतं. ते घराएवढं, मग टेकडीएवढं होतं आणि देवाच्या वतीने गावात कामं करतं. ते निवडताना नात फिटरांच्या मांडीवर होती. साडेतीन वर्षांची, वाटोळी, घरंगळत कुठेही जाणारी, म्हणून तिला सगळे गोटी म्हणत. पडद्यावर तीन प्राणी उभे होते आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. माकड चटकन शिकतं, चटकन विसरतं. वाघ शूर, पण ऐकायला जड. अस्वल शिकायला वेळ लावतं, पण शिकलेलं सोडत नाही.

बाईचं मत माकडाला होतं, घरात जरा हालचाल होईल म्हणून. फिटरांनी अस्वल घेतलं. विसरणारं जनावर काय कामाचं, असा त्यांचा सवाल होता. गोटीने त्याचं बारसं जागच्या जागी उरकलं: ढब्बू.

लेकीने जाताना नियम सांगितले. चांगलं वागला तर माउस हळू फिरवायचा, म्हणजे हात त्याला कुरवाळतो. वाईट वागला तर झटक्याने, म्हणजे फटका बसतो. ज्याचं कौतुक होतं ते तो पुन्हा करतो, ज्यावर मार बसतो ते सोडतो. "एवढंच?" फिटर म्हणाले. "हे तर आम्हाला येतं."

लेकीने गोटीला बूट घातले.

त्या दिवसांत बाईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. लेक चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या कार्यशाळेत होती. आता तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कार्यशाळेत बढती मिळाली होती, पुढच्या एक तारखेपासून. जावई जहाजावर, सहा महिन्यांनी परतणार. नवं शहर, नवं काम, ओळखीचं कुणी नाही. मग तोपर्यंत गोटी कुठे? बाईला वाटायचं यात विचारायचं काय, आजी-आजोबा जिवंत असताना. तिने कुणाला न सांगता शिवणाच्या खोलीतलं खालचं कपाट रिकामं केलं होतं आणि लोकांच्या कोटांच्या उरलेल्या अस्तरातून एक छोटी दुलई शिवायला घेतली होती. लेकीकडे विषय काढला की ती "बघू" म्हणायची. आणि तिच्या पिशवीत तिथल्या पाळणाघरांचे पत्ते लिहिलेला कागद बाईने पाहिला होता. मुद्दाम नाही पाहिला. पिशवीची चेन बिघडली होती, ती बदलताना दिसला. चेन बदलणाऱ्या माणसाला बरंच काही दिसतं.

इकडे फिटरांचं देवपण जोरात सुरू झालं. सकाळी चहा झाला की टेबलावर. गावाला धान्याचं कोठार, दोन विहिरी, चौरस शेतं. सगळं काटकोनात, वाकडं घर दिसलं की ते उचलून पुन्हा ठेवायचे. एका जागी काम चालू असलं की दुसरीकडचं दिसायचं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एका लहानशा चौकोनात ढब्बू मात्र कायम दिसायचा, कुठेही असला तरी. तो चौकोन फिटरांच्या चष्म्याला जमेना. बाई शेजारी मशीनवर बसलेली, तिची नजर सुईच्या नाकात जाणारी. तेव्हा कामाची वाटणी न ठरवता ठरली. ती बघायची आणि सांगायची.

"अहो, तुमच्या ढब्बूने कोठारात तोंड घातलंय."

"येतो, एवढी भिंत होऊ दे."

भिंत व्हायची. मग फिटर तो हट्टी हात ओढत, डोंगर ओलांडत, समुद्रकिनाऱ्याने ढब्बूपर्यंत आणायचे आणि सणसणीत एक ठेवून द्यायचे. ढब्बू डोकं खाजवायचा. बाई पुन्हा टीप घालायला लागायची. आपण दोघं मिळून काहीतरी वाढवतोय असं तिला बऱ्याच वर्षांनी वाटत होतं, आणि ते सुखाचं होतं.

दहा-बारा दिवसांत ढब्बू टेकडीएवढा झाला आणि बिघडला. कोठार लुटायचं त्याने थांबवलं नाही, पण बाकी सगळं थांबवलं. आधी तो विहिरीचं पाणी ओंजळीत आणून शेतावर शिंपडायचा, ते सोडलं. गावातली पोरं पायाशी आली की वाकून बघायचा, तेही सोडलं. शेतं वाळली, गावाची देवावरची भक्ती उतरली. ढब्बू डोंगराच्या पलीकडे पाठ करून बसायचा. देवाचा हात जवळ आला की दोन्ही पंजे डोक्यावर घेऊन आडवा व्हायचा आणि हात जाईपर्यंत हलायचा नाही.

"ढोंगी आहे," फिटर म्हणाले. पण त्यांचा आवाज दुखावलेला होता. पुढचे दोन दिवस ते चहा झाल्यावर लगेच टेबलाकडे गेले नाहीत.

तिसऱ्या रविवारी लेक गोटीला घेऊन आली. बाईने आदल्या दिवशी दुलईला शेवटचा टाका घातला होता आणि आज काहीही करून होकार मिळवायचा असं ठरवलं होतं. लेक आली ती थेट संगणकापुढे जाऊन उभी राहिली. काय झालं याला, म्हणून तिने विचारलं. फिटरांनी तक्रारींची माळच लावली: शिस्त नाही, कळत नाही, वाढवून उपयोग काय.

"मला नेहमीसारखं खेळून दाखवा," लेक म्हणाली.

फिटर बसले. बाई आपल्या जागी. गोटी टेबलाखाली पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करत होती, ते तिचं आवडतं काम. थोड्या वेळाने बाईने नेहमीप्रमाणे सांगितलं की बघा, खातोय. फिटरांनी हातातलं झाड रोवलं, सरळ केलं, मागे येऊन पुन्हा सरळ केलं, मग निघाले. तोवर ढब्बू कोठारापासून दूर गेला होता. कित्येक दिवसांनी तो विहिरीशी वाकला होता, आणि भरलेली ओंजळ सांभाळत, एक-एक पाऊल जपून टाकत शेताकडे येत होता. हात पोहोचला. फटका बसला. पाणी सांडलं. ढब्बू आडवा झाला.

लेकीने पडद्याकडे बोट केलं.

"बाबा, त्याला आत्ता कशाबद्दल मारलंत?"

"कोठार खाल्लं म्हणून. बघितलंस ना तू?"

"ते मघाशी. आत्ता तो पाणी आणत होता. त्याला वाटणार, पाणी आणलं म्हणून मारलं."

"म्हणजे? केलेलं विसरायचं का त्याने?"

"तो विसरत नाहीये. तेच तर झालंय." लेक हे हळू म्हणाली, वाद घालण्याच्या आवाजात नाही. मग ती चहाचं भांडं ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेली.

बाई मागोमाग गेली. खरं तर ती कपाटाबद्दल आणि दुलईबद्दल बोलायला गेली होती. तोंडात वाक्य तयार होतं. पण लेक ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बाईला एक जुनं काहीतरी दिसलं.

"आई, लहान असताना मी अभ्यास करत नसायचे," लेक म्हणाली. "बाबांची यायची वेळ झाली की पुस्तक उघडून मोरीजवळच्या कोपऱ्यात बसायचे. मला वाटायचं, दार उघडायला गेलं की मारतात."

चहा उकळून वर आला. दोघींपैकी कुणीही आच कमी केली नाही.

बाईला सगळं एका दमात आठवलं, जसं जुनं अस्तर उसवताना आतला मूळ रंग दिसतो. दिवसभर ही पोर काहीतरी सांडायची, फाडायची. दिवसभर बाईच्या हातात गिऱ्हाइकाचं कापड. उठून धपाटा घालायलाही फुरसत नसायची, आणि तसा तिचा स्वभावही नव्हता. ती म्हणायची, येऊ दे बाबांना संध्याकाळी. संध्याकाळी फिटर दारात बूट काढायचे आणि ती मशीनवरूनच दिवसभराचं वाचून दाखवायची. पोर तेव्हा धावत पाण्याचा पेला घेऊन आलेली असायची, किंवा शाळेत काढलेलं चित्र. तो पेला हातात असतानाच तिच्या पाठीत धपाटा बसायचा. मग पुढे पुढे ती दाराशी येईनाशी झाली. आणि हे दोघं इमारतभर सांगत सुटले की आमची मुलगी फार अभ्यासू, बाप आला तरी पुस्तकातून मान वर करत नाही.

लेक रागावलेली नव्हती. तेच बाईला जड गेलं. लेकीने सांगितलं की गोटीला पाळणाघरात ठेवणार आहे, एक बघून ठेवलंय, बरं आहे. बाबा वाईट नाहीत, तुम्ही दोघंही नाहीत. पण गोटी अजून दार वाजलं की धावत जाते.

बाईच्या तोंडात तयार असलेलं वाक्य तसंच राहिलं. ती म्हणाली, "ने तिला. हात त्यांचा होता, पण सांगणारी मी होते."

लेकीने तिच्याकडे पाहिलं आणि उतू गेलेला चहा पुसायला फडकं घेतलं.

ते घर एवढंसं. फिटरांना सगळं ऐकू गेलं असणार. त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा त्यांनी खेळाचा आवाज बंद केला होता आणि ते रिकाम्या पडद्यासमोर बसावं तसे बसले होते. लेक गेल्यावर, जेवताना, बाईने विषय काढला. चूक माझी, ती म्हणाली. फिटर म्हणाले, मारत मी होतो, तू कशाला मध्ये? ती म्हणाली, मी सांगितलंच नसतं तर? ते म्हणाले, सांगितलं तरी विचारायला तोंड होतं ना मला. या दोघांची चाळीस वर्षांत असंख्य भांडणं झाली होती, पण चूक आपल्याकडे ओढून घेण्यावरून भांडण्याची ही पहिलीच खेप. गाजराची कोशिंबीर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी बाईने आपली खुर्ची फिरवून घेतली, पडद्याकडे पाठ येईल अशी. आता मी काही सांगायची नाही, तुमचं जनावर तुम्ही बघा. फिटरांनी गाव सोडून दिलं. वाकडं घर वाकडं राहिलं. त्यांनी हात नेला आणि ढब्बूपासून थोड्या अंतरावर नुसता ठेवला. एका जागी हात स्थिर धरणं हे त्या हाताला सगळ्यात कठीण. तो थरथरायचा, पडद्यावरचा देवही थरथरायचा. ढब्बू पहिला दिवस पंजे डोक्यावरून काढेना. दुसऱ्या दिवशी त्याने एक डोळा उघडून पाहिलं. चौथ्या दिवशी तो उठला, चार पावलं गेला, एक झुडूप उपटून खाल्लं, आणि फिटरांनी त्याच क्षणी, तोंड हलत असतानाच, त्याला कुरवाळलं. त्यांचा हात उशिरा पोहोचू नये म्हणून ते आता जवळच असायचे. दुसरा काही उपाय नव्हता. बाईने पाठ वळवूनच विचारलं, काय झालं? "जेवला," फिटर म्हणाले. एवढाच एक शब्द, पण त्यांनी तो दोनदा म्हटला.

जायला आठवडा राहिला तेव्हा लेकीची बांधाबांध सुरू झाली. खोक्यांमध्ये गोटी सापडेना म्हणून ती दुपारी तिला आजीकडे आणून सोडू लागली. बाईने कपाटाबद्दल चकार शब्द काढला नाही. दुलई तिने घडी करून गोटीच्या सामानात दिली, तिकडे थंडी असेल म्हणून.

शुक्रवारी लेक लवकर आली. दार उघडंच होतं. आत फिटर टेबलाशी, गोटी त्यांच्या मांडीवर, बाई मशीनवर एका काळ्या कोटाची बाही उसवत. गोटीने मांडीवरून वाकून कळफलकावर दोन्ही तळवे आपटले. पडद्यावर आभाळ फाटलं. गावावर पाऊस कोसळला, विहिरी भरून वाहिल्या, मुंगीएवढी माणसं छपरांवर चढली, आणि ढब्बू, जो आत्ताच कुठे शेतात उभा राहायला शिकला होता, तो भिजून किंचाळत डोंगराकडे पळाला. आठवड्याची मेहनत.

"गाढवे!" फिटर ओरडले.

दारात लेकीचं अंग ताठ झालं. बाईला ते दिसलं. तिचीही कात्री हातात थांबली.

गोटीने मान मागे टाकून, खालून वर, आजोबांच्या नाकपुड्यांकडे पाहिलं. "तू गाढव," ती म्हणाली. "माझ्यावर नाही ओरडायचं." आणि मांडीवरून उतरली नाही, उलट जरा मागे सरकून नीट टेकून बसली.

फिटरांशी असं आजवर कारखान्यात कुणी बोललं नव्हतं, घरात तर नाहीच. त्यांचा हात माउसवरून उठला नाही.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "हात उचल. हां. थांबला बघ पाऊस."

"थांबला," गोटीने मान्य केलं.

"आता दोघं मिळून ढब्बूला शोधू. तो घाबरलाय. हळू जायचं."

तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला आणि तो सावकाश हात दोघांनी मिळून डोंगराकडे न्यायला सुरुवात केली. लेक बूट न काढता दारातच उभी राहिली. तिला साडेतीन वर्षांची असताना काय, तेहतिसाव्या वर्षीही या माणसाला उलट उत्तर देता आलं नव्हतं. बाईने तिला बस म्हटलं नाही, बघ किती बदलले म्हटलं नाही. ती बाहीचा टाका उसवत राहिली. सांगायची सवय सोडायची तर पूर्णच सोडायला हवी होती.

चहा झाल्यावर लेक म्हणाली की नवं घर अजून लागायचंय, गॅस नाही, पडदे नाहीत. पंधरा दिवस गोटीला इथे ठेवते. मग येऊन बघते ती कशी आहे, आणि पुढचं तेव्हाच ठरवू. हे ती आईला नाही, दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाली. फिटरांनी मान हलवली. बाईला रडू येत होतं, पण काळ्या कोटावर पाण्याचे डाग दिसतात, म्हणून तिने कोट आधी बाजूला ठेवला.

एक तारखेला लेक गेली. दोन तारखेला सकाळी बाई आतून इस्त्री घेऊन आली तर गोटीने बॉबिनचा डबा जमिनीवर ओतला होता आणि रंगीत दोरे एकमेकांत गुंतवून, खुर्चीच्या पायांना गुंडाळून मधोमध बसली होती. तीस वर्षांचे रंग. बाईच्या तोंडात आपोआप जुनेच दोन शब्द आले, येऊ दे, आणि तिने ते गिळले. इस्त्री बंद केली. गिऱ्हाईक अकराला येणार होतं, येऊ दे. ती गुडघे धरत खाली बसली.

"हे आता आपण सोडवायचं," तिने सांगितलं. "तू आणि मी. निळा आधी."

गोटीने खालचा ओठ बाहेर काढला, मग निळ्याचं टोक शोधायला लागली.

आवाज ऐकून फिटर आतल्या खोलीतून दारापर्यंत आले. दाढी अर्धी झालेली, डाव्या हाताने. काय केलं तिने, असं त्यांनी विचारलं.

"आमचं चाललंय," बाई म्हणाली. "तुम्ही दाढी करा."